नेमस्पेस टर्मिनेटिंगवर अडकली आहे, पॉड डिलीट केले तरी परत येतात. कुबसीटीएलने सगळं नीट काढायचं कसं?

ओवी

नमस्कार मंडळी. आमच्या कुबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनच्या गटावर) एका बंद झालेल्या प्रकल्पाची 'जुना-प्रकल्प' ही नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरमधला वेगळा कप्पा, तशीच पडून आहे. ती काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. कुबसीटीएल या कमांड-लाइन साधनाने सुरुवात पॉडपासून (एकत्र चालणाऱ्या कंटेनरपासून) केली:

कुबसीटीएल डिलीट पॉड --ऑल -एन जुना-प्रकल्प

पॉड गेले आणि लगेच तेवढेच पॉड नव्या नावांनी उभे राहिले. मग थेट नेमस्पेस डिलीट केली:

कुबसीटीएल डिलीट नेमस्पेस जुना-प्रकल्प

कमांड बराच वेळ तशीच थांबून राहिली, म्हणून कंट्रोल-सी दाबून बाहेर आले. तेव्हापासून नेमस्पेसची अवस्था 'टर्मिनेटिंग'. 'कुबसीटीएल गेट ऑल' केलं तर आत काहीच नाही म्हणतो.

शोधलं तर जिथे तिथे एकच सल्ला: नेमस्पेसचे फायनलायझर (काढण्याआधी आवराआवर बाकी असल्याच्या खुणा) रिकामे करून ती फायनलाइझ एंडपॉइंटला पाठवा, लगेच जाते. तसं करू का? आणि पॉड परत का येत होते, हेही समजून घ्यायचं आहे.

धूमकेतू

पॉडचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

पॉड बहुतेक वेळा स्वतःच्या मर्जीने उभा नसतो, त्याला मालक असतो. 'कुबसीटीएल गेट पॉड नाव -ओ यामल' करून मेटाडेटामधला 'ओनररेफरन्सेस' हा भाग बघा. तिथे रेप्लिकासेटचं नाव दिसेल, आणि त्या रेप्लिकासेटच्या ओनररेफरन्सेसमध्ये डिप्लॉयमेंटचं. डिप्लॉयमेंटला सांगितलेलं असतं की तीन पॉड हवेत. तुम्ही तीन उडवलेत की रेप्लिकासेट कंट्रोलरला (ठरलेली संख्या राखणाऱ्या प्रोग्रामला) शून्य दिसतात आणि तो तीन नवे मागवतो. तो त्याचं काम चोख करतोय. म्हणून डिलीट करायचं ते सगळ्यात वरच्या मालकाला:

कुबसीटीएल डिलीट डिप्लॉयमेंट वेब -एन जुना-प्रकल्प

मालक गेला की खालचं सगळं गार्बेज कलेक्टर मागोमाग काढतो. याला कॅस्केड म्हणतात आणि मुळात तो 'बॅकग्राउंड' असतो, म्हणजे डिप्लॉयमेंट लगेच दिसेनाशी होते आणि पॉड मागाहून जातात. '--कॅस्केड=फोरग्राउंड' दिलंत तर आधी पिल्लं जातात, मग मालक. स्क्रिप्टमध्ये पुढची पायरी 'सगळे पॉड खरंच गेले' यावर अवलंबून असेल तर हेच वापरा. तिसरा पर्याय 'ऑर्फन'. त्यात मालक जातो आणि खालचं तसंच चालू राहतं. डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर तयार झाल्यावर बदलता येत नाही, तेव्हा चालू पॉडना हात न लावता ती नव्याने बनवायला ऑर्फनचा उपयोग होतो.

मालकाला काढलं तरी डिप्लॉयमेंटच परत येत असेल तर तिचाही कोणी मालक आहे: एखादा ऑपरेटर (खास प्रकारची ऑब्जेक्ट सांभाळणारा प्रोग्राम), किंवा आर्गो सीडी, फ्लक्ससारखं गिटवरून क्लस्टर जुळवणारं काहीतरी. तिथे कुबसीटीएलने कितीही वेळा डिलीट करा, गिटमधली फाइल काढेपर्यंत ते परत येणारच.

गारगोटी

ओवी, सरळ '--फोर्स --ग्रेस-पीरियड=०' लावा. नाही गेली तर फायनलायझर रिकामे करा. बंद प्रकल्प आहे ना, मग कशाला एवढा विचार?

शेवटचाबाक

ओवी, कृपया थांबा. दोन्ही आत्ता करू नका.

पहिलं म्हणजे '--फोर्स'चा फायनलायझरशी संबंधच नाही. फोर्स दिलं तरी फायनलायझर असलेलं ऑब्जेक्ट हलत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. डिलीट म्हणजे एपीआय सर्व्हरकडे, म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या मागण्या घेणाऱ्या सर्व्हरकडे, दिलेला अर्ज. फायनलायझर असलेल्या ऑब्जेक्टवर डिलीट आलं की सर्व्हर त्यावर 'डिलीशनटाइमस्टँप' टाकतो आणि थांबतो. प्रत्येक फायनलायझर म्हणजे कोणत्या तरी कंट्रोलरने ठेवलेली अडवणूक असते: 'माझं आवरायचं काम बाकी आहे, झालं की मी माझं नाव काढतो.' यादी रिकामी झाली की ऑब्जेक्ट जातं. हा टाइमस्टँप एकदा पडला की मागे घेता येत नाही. तुम्ही कंट्रोल-सी दाबलंत तेव्हा फक्त तुमच्या टर्मिनलवरचं वाट बघणं संपलं, अर्ज तसाच चालू राहिला.

नेमस्पेसच्या स्पेकमध्ये 'कुबरनेटिस' नावाचा एक फायनलायझर असतो. नेमस्पेस कंट्रोलर आतलं सगळं काढून झाल्यावर तो उतरवतो. तो तुम्ही हाताने उतरवलात तर नेमस्पेस यादीतून जाईल हे खरं. पण आत जे अडकलेलं होतं ते ईटीसीडीत (क्लस्टरच्या डेटाबेसात) तसंच राहतं, फक्त कुणाला दिसत नाही. उद्या कोणी त्याच नावाची नेमस्पेस बनवली की ती भुतावळ परत हजर. या उपायामुळे अडचण सुटत नाही, झाकली जाते.

त्याऐवजी नेमस्पेसलाच विचारा का अडली आहे. ती सांगते:

कुबसीटीएल गेट नेमस्पेस जुना-प्रकल्प -ओ यामल

खाली स्टेटसमध्ये 'कंडिशन्स' आहेत. तेवढ्या इथे टाका.

ओवी

शेवटचाबाक, धन्यवाद. थांबले. कंडिशन्स अशा आहेत:

नेमस्पेसडिलीशनडिस्कव्हरीफेल्युअर: फॉल्स
नेमस्पेसडिलीशनकंटेंटफेल्युअर: फॉल्स
नेमस्पेसकंटेंटरिमेनिंग: ट्रू. संदेशात म्हटलंय की 'डेटाबेसेस' या प्रकाराची दोन ऑब्जेक्ट शिल्लक आहेत.
नेमस्पेसफायनलायझर्सरिमेनिंग: ट्रू. संदेशात म्हटलंय की दोन ऑब्जेक्टवर 'क्लीनअप' नावाचा फायनलायझर आहे.

पण मग 'गेट ऑल'मध्ये हे का दिसलं नाही?

धूमकेतू

कारण 'ऑल' म्हणजे सगळं नव्हे. ती ठरावीक प्रकारांची एक गटवारी आहे: पॉड, सर्व्हिस, डिप्लॉयमेंट, रेप्लिकासेट, स्टेटफुलसेट, डेमनसेट, जॉब, क्रॉनजॉब आणि आणखी थोडे. कॉन्फिगमॅप, सीक्रेट, इन्ग्रेस, पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, रोल, सर्व्हिस अकाउंट यांतलं काहीच त्यात नाही. बाहेरून बसवलेले प्रकारही, ते बनवणाऱ्याने मुद्दाम त्या गटात टाकल्याशिवाय, नसतात. म्हणजे 'कुबसीटीएल डिलीट ऑल --ऑल' करून कोणी 'नेमस्पेस साफ केली' म्हणालं तर सीक्रेट आणि डिस्कचे क्लेम अजून तिथेच आहेत असं समजा.

खरंच सगळं बघायचं असेल तर आधी प्रकारांची यादी घ्या आणि एकेका प्रकारासाठी गेट चालवा:

कुबसीटीएल एपीआय-रिसोर्सेस --व्हर्ब्ज=लिस्ट --नेमस्पेस्ड -ओ नेम | एक्सआर्ग्ज -एन १ कुबसीटीएल गेट --शो-काइंड --इग्नोर-नॉट-फाउंड -एन जुना-प्रकल्प

वेळ लागतो, पण काही सुटत नाही.

शेवटचाबाक

आता चित्र स्पष्ट आहे. डिस्कव्हरीफेल्युअर ट्रू असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा एखादी एपीआयसर्व्हिस (एपीआयमध्ये जास्तीचे प्रकार पुरवणारी सेवा) मेलेली असते (मेट्रिक्स-सर्व्हर बंद पडल्यावर हे हमखास होतं) आणि कोणते प्रकार अस्तित्वात आहेत हेच कंट्रोलरला ठरवता येत नाही, म्हणून तो पुढे सरकत नाही. 'कुबसीटीएल गेट एपीआयसर्व्हिस' मध्ये अव्हेलेबलखाली फॉल्स दिसलेली सर्व्हिस दुरुस्त केली किंवा काढली की काम होतं.

तुमच्याकडे मात्र 'डेटाबेस' हा कस्टम प्रकार आहे, आणि त्यावरचा 'क्लीनअप' फायनलायझर एखाद्या ऑपरेटरने लावलेला आहे. तो ऑपरेटर अजून चालू आहे का?

ओवी

शोधलं. नाही. त्याची स्वतःची वेगळी नेमस्पेस होती, ती गेल्या आवराआवरीत कोणीतरी काढली. कस्टम रिसोर्स डेफिनिशन (त्या प्रकाराची व्याख्या) मात्र अजून आहे.

शेवटचाबाक

मग हाच तिढा. फायनलायझर उतरवणाराच उरलेला नाही, त्यामुळे ही दोन ऑब्जेक्ट अनंतकाळ वाट बघत राहतील. अडकलेल्या नेमस्पेसचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ते केवळ क्रम चुकल्याने उद्भवतं. आधी कस्टम ऑब्जेक्ट काढायची, ती पूर्ण गेल्याची खात्री करायची, मग ऑपरेटर, मग डेफिनिशन, मग नेमस्पेस.

माझा सल्ला: तोच ऑपरेटर, त्याच आवृत्तीचा, त्याच्या स्वतंत्र नेमस्पेसमध्ये पुन्हा बसवा. उठल्याउठल्या त्याला डिलीशनटाइमस्टँप असलेली दोन ऑब्जेक्ट दिसतील, तो बाहेरची आवराआवर करेल आणि फायनलायझर उतरवेल. 'जुना-प्रकल्प' मध्येच बसवायला जाऊ नका. टर्मिनेटिंग नेमस्पेसमध्ये नवीन काही तयार होत नाही.

गारगोटी

दोन ऑब्जेक्टसाठी अख्खा ऑपरेटर परत बसवायचा? एका पॅचमध्ये काम होतंय की. मेटाडेटामधले फायनलायझर नल केले की संपलं.

चकमक

गारगोटी, तो फायनलायझर काय आवरणार होता हे माहीत असेल तरच. 'डेटाबेस' नावाच्या ऑब्जेक्टमागे क्लस्टरबाहेर काय उभं असेल याचा विचार करा: डिस्क, बॅकअपची बकेट, डीएनएस नोंद, कुठल्यातरी सर्व्हरवरचा युजर आणि त्याचा पासवर्ड. फायनलायझर पॅच करून उडवला की कुबरनेटिसमधली नोंद जाते आणि बाहेरचं सगळं बेवारस होतं. त्याचा पत्ता लिहिलेला एकमेव कागद तुम्ही फाडलेला असतो.

अंगवळणी पडलेलं उदाहरण द्यायचं तर लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस. तिच्यावर 'लोड-बॅलन्सर-क्लीनअप' नावाचा फायनलायझर असतो. क्लाउडकडचा खरा लोडबॅलन्सर काढून झाल्याशिवाय तो उतरत नाही. एका ठिकाणी मी काम करत असताना सर्व्हिस अडकली म्हणून तो हाताने काढला गेला. सर्व्हिस गेली, सगळे खूश. लोडबॅलन्सर आणि त्याचा सार्वजनिक पत्ता पुढे कितीतरी काळ चालू राहिला, बिलासकट. सर्व्हिस का अडकली होती? क्लाउडच्या खात्याची परवानगी संपली होती. 'कुबसीटीएल डिस्क्राइब' केलं असतं तर इव्हेंटमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

पॅच हा शेवटचा उपाय आहे. बाहेरचं काय काय आहे ते शोधून हाताने काढलं, आणि कंट्रोलर परत येणं शक्यच नाही, तेव्हा तो करा.

गारगोटी

पटलं. पण पॉडच्या बाबतीत फोर्स वापरायला काय हरकत आहे? पॉडला फायनलायझर सहसा नसतात.

धूमकेतू

तिथे धोका वेगळा आहे, आणि स्टेटफुलसेट (पॉडना कायमची ओळख देणारा प्रकार) असेल तर मोठा आहे.

साध्या डिलीटमध्ये पॉडला ३० सेकंदांची मुदत असते, स्पेकमध्ये बदलली नसेल तर. आधी प्रीस्टॉप हुक चालतो, मग प्रोसेसला सिगटर्म (थांबण्याचा इशारा) जातो, आणि मुदत संपली तरी ती जिवंत असेल तर सिगकिल (जबरदस्तीने बंद). हुकचा वेळही त्याच ३० सेकंदांतून जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हुकमध्ये २५ सेकंद झोपलात तर अॅप्लिकेशनला आवरायला पाचच उरतात. सगळं थांबल्याचं नोडवरच्या (क्लस्टरमधल्या त्या मशीनवरच्या) कुबलेट या एजंटने कळवलं की मगच एपीआय सर्व्हर पॉडची नोंद काढतो.

'--फोर्स --ग्रेस-पीरियड=०' दिलंत की सर्व्हर कुबलेटची वाट न बघता नोंद काढून मोकळा होतो. कंटेनर नोडवर अजून चालू असू शकतो. साध्या वेब पॉडला त्याने फरक पडत नाही. पण स्टेटफुलसेटचा 'डीबी-०' असेल, तर नाव मोकळं झालं म्हणून कंट्रोलर दुसऱ्या नोडवर नवा 'डीबी-०' उभा करतो. जुना नोड नेटवर्कपासून तुटलेला असला तरी जिवंत असेल, तर एकाच ओळखीचे दोन डीबी-० एकाच वेळी लिहायला लागतात. डेटा खराब होतो तो असा.

नोड खरोखरच मेला असेल तर आधी तो बंद असल्याची खात्री करा आणि मग त्याला 'आउट-ऑफ-सर्व्हिस' टेंट (नोडवरची खूण) लावा. त्यावरचे पॉड आपोआप सुटतात आणि व्हॉल्यूमही मोकळे होतात. ही सोय कुबरनेटिस १.२८ पासून स्थिर आहे.

आणखी एक: डिलीट हे पॉड डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड खाली जाऊ द्यायचे ती मर्यादा) बघत नाही. ते बघतं इव्हिक्शन, म्हणजे 'कुबसीटीएल ड्रेन' वापरतो तो रस्ता. चालू सेवेचे पॉड नोडवरून हलवायचे असतील तर एकेक डिलीट करू नका, ड्रेन करा.

ओवी

ऑपरेटर परत बसवला. चालू झाला, पण दोन्ही ऑब्जेक्ट अजून तशीच. लॉगमध्ये सतत 'फॉरबिडन' येतंय: 'जुना-प्रकल्प' मधला सीक्रेट वाचायला आणि डेटाबेस ऑब्जेक्ट अपडेट करायला परवानगी नाही म्हणतो.

शेवटचाबाक

हे होणार होतं, मला आधीच सांगायला हवं होतं. त्या ऑपरेटरची परवानगी बहुतेक प्रत्येक नेमस्पेसमध्ये रोल (अधिकारांची यादी) आणि रोलबाइंडिंग (ते कोणाला द्यायचे) करून दिलेली असणार. नेमस्पेस डिलीट होताना ते दोन्ही केव्हाच गेले, आणि टर्मिनेटिंगमध्ये परत बनवता येत नाहीत. म्हणून तेच अधिकार क्लस्टररोल आणि क्लस्टररोलबाइंडिंगने द्या. ती नेमस्पेसच्या बाहेर राहतात, त्यामुळे चालतात. काम झालं की लगेच काढा, कारण त्याने ऑपरेटरला सगळ्या क्लस्टरचे सीक्रेट वाचता येतील.

सीक्रेट मात्र नेमस्पेसबरोबर गेलेला असेल. तो वाचण्यावर ऑपरेटर अडला तर मग चकमक म्हणतात तसं: बाहेरचं काय आहे ते शोधा, हाताने काढा आणि त्या एका ऑब्जेक्टचा फायनलायझर पॅच करा. नेमस्पेसचा नव्हे.

ओवी

गेली! क्लस्टररोलबाइंडिंग दिल्यावर एक ऑब्जेक्ट लगेच सुटलं. दुसऱ्याला सीक्रेट हवाच होता. लॉगमध्ये बकेटचं नाव मिळालं, स्टोरेज सांभाळणाऱ्या टीमकडून ती तपासून काढून घेतली, मग तेवढाच फायनलायझर पॅच केला. पुढच्याच क्षणी नेमस्पेस नाहीशी झाली. क्लस्टररोलबाइंडिंगही काढलं.

आता दोन गोष्टी उरल्यात. 'डेटाबेसेस' ची डेफिनिशन काढू का? आणि 'कुबसीटीएल गेट पीव्ही' (पर्सिस्टंट व्हॉल्यूम) मध्ये या नेमस्पेसचे काही व्हॉल्यूम 'रिलीज्ड' दिसतात, त्यांचं काय करायचं?

पाणकावळा

डेफिनिशनला हात लावण्याआधी हे चालवा:

कुबसीटीएल गेट डेटाबेसेस --ऑल-नेमस्पेसेस

डेफिनिशन डिलीट केली की त्या प्रकारची क्लस्टरभरातली प्रत्येक नेमस्पेसमधली सगळी ऑब्जेक्ट डिलीट होतात. मला विचाराल तर कुबसीटीएलमधली सगळ्यात भयंकर एक ओळ हीच आहे, कारण ती दिसायला अगदी साधी दिसते. दुसऱ्या कुठल्याही टीमचं एकही ऑब्जेक्ट निघालं तर डेफिनिशन आणि ऑपरेटर दोन्ही राहू द्या. हेल्म ३ (पॅकेज बसवणारं साधन) वापरत असाल तर 'क्रड्स' फोल्डरमधून बसलेल्या डेफिनिशन 'हेल्म अनइन्स्टॉल' काढत नाही. तो मुद्दाम तसाच बनवलेला आहे, आणि कारण हेच.

व्हॉल्यूमचं: रिलीज्ड दिसताहेत म्हणजे त्यांची रिक्लेम पॉलिसी 'रिटेन' आहे, डेटा शाबूत आहे. 'डिलीट' असती तर क्लेमबरोबर डिस्कही गेली असती. आपोआप तयार होणाऱ्या व्हॉल्यूमना ही पॉलिसी स्टोरेजक्लासकडून मिळते आणि तिथे काही लिहिलं नसेल तर ती 'डिलीट' असते. म्हणून नेमस्पेस काढण्याआधी हे बघायचं असतं. डेटा हवा असेल तर व्हॉल्यूमच्या स्पेकमधला 'क्लेमरेफ' काढा, तो 'अव्हेलेबल' होईल आणि नव्या क्लेमला बांधता येईल. नको असेल तर पीव्ही डिलीट करा, पण रिटेनमध्ये त्याने फक्त नोंद जाते, खरी डिस्क स्टोरेजवर जाऊन वेगळी काढावी लागते.

आणि एक धोक्याचं वळण: पीव्ही हा क्लस्टरभराचा प्रकार आहे, नेमस्पेसचा नाही. 'कुबसीटीएल डिलीट पीव्ही --ऑल -एन जुना-प्रकल्प' असं लिहिलंत तर -एन ला काही अर्थ राहत नाही, क्लस्टरमधल्या सगळ्या पीव्हींवर डिलीट जातं. कुबसीटीएल एक इशारा छापतो, पण थांबत नाही. वापरात असलेले पीव्ही 'पीव्ही-प्रोटेक्शन' फायनलायझरमुळे लगेच जात नाहीत, पण टाइमस्टँप पडलेला असतो. नावं घेऊन एकेक काढा.

नवखा

मध्येच विचारतो. आमच्याकडे 'इव्हिक्टेड' (नोडवरून हाकललेले) पॉड आणि संपलेले जॉब यांचा खच पडलाय. तेही असेच हाताने काढायचे का?

धूमकेतू

इव्हिक्टेड पॉड 'फेल्ड' अवस्थेत असतात, एका फटक्यात जातात:

कुबसीटीएल डिलीट पॉड --फील्ड-सिलेक्टर=स्टेटस.फेज=फेल्ड -एन नाव

त्याआधी नोडवर मेमरी कमी पडतेय की डिस्क, ते एखाद्या पॉडच्या डिस्क्राइबमध्ये वाचून घ्या, ते पुरावे आहेत. जॉबसाठी स्पेकमध्ये 'टीटीएलसेकंड्सआफ्टरफिनिश्ड' लिहा, मग हाताने काही करावंच लागत नाही.

चकमक

ओवी, पुढच्या वेळेसाठी माझ्या टीमची पद्धत सांगते.

डिलीटच्या आधी 'कुबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट'. चुकीच्या क्लस्टरवर चाललेली बरोबर कमांड सगळ्यात महाग पडते. म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये '--कॉन्टेक्स्ट' लिहिल्याशिवाय डिलीट चालतच नाही.

लेबलवरून काढायचं असेल तर आधी त्याच '-एल' ने गेट करून यादी डोळ्यांखालून घालायची, मग गेटच्या जागी डिलीट लिहायचं. '--ड्राय-रन=सर्व्हर' चांगलं आहे, पण नेमस्पेसच्या बाबतीत फसवं: ते फक्त नेमस्पेसचं नाव छापतं, आत काय काय जाणार ते सांगत नाही. '--इंटरॅक्टिव्ह' किंवा '-आय' दिलं तर यादी दाखवून होय-नाही विचारतं. ते १.३० पासून स्थिर आहे, सगळ्यांनी अलियास करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटचाबाक

परवानग्यांबद्दल एक भर. बरेच जण 'डिलीटकलेक्शन' हा अधिकार काढून घेतात आणि समजतात की आता कोणी '--ऑल' करू शकणार नाही. कुबसीटीएल '--ऑल' ला यादी मागवून प्रत्येकासाठी वेगळं डिलीट पाठवतो. तेव्हा 'डिलीट' आणि 'लिस्ट' असेल तर '--ऑल' चालतंच.

खरंच कुलूप लावायचं असेल तर व्हॅलिडेटिंगअॅडमिशनपॉलिसी (येणारी मागणी तपासून नाकारणारा नियम) लिहा, तीही १.३० पासून स्थिर आहे. आमच्याकडे नेमस्पेसवर ठरावीक लेबल असेल तर तिचं डिलीट नाकारलं जातं. काढायचीच असेल तर आधी लेबल उतरवावं लागतं. पॉलिसी लिहिताना डिलीटमध्ये 'ऑब्जेक्ट' रिकामं असतं, 'ओल्डऑब्जेक्ट' तपासायचं, एवढं लक्षात ठेवा.

ओवी

पाणकावळा, बरं झालं बघून घेतलं. आणखी दोन नेमस्पेसमध्ये 'डेटाबेसेस' ची चालू ऑब्जेक्ट आहेत, आणि त्यांचा ऑपरेटर कोणी काढलाय हे त्या टीमला माहीतही नव्हतं. डेफिनिशन राहू दिली. आज बसवलेला ऑपरेटरही त्यांच्या ताब्यात दिला, रोलबाइंडिंग ते आपापल्या नेमस्पेसमध्ये करतील. व्हॉल्यूमच्या यादीवर त्यांचं उत्तर आलं की नावानिशी काढते.